पाव्हण्याची फांदी

मित्रांनो, मी जांभळाचा एक जुना ओंडका आहे. पवनानगरजवळ, धरणाच्या काठावर, निलेशच्या तंबूंसमोर मी आडवा पडलेलो असतो. तुम्ही सहलीला आलात तर माझ्यावरच बसून कणीस खाल आणि हातही मलाच पुसाल. त्याचा मला राग नाही. पण माझ्या एका टोकाला एक म्हातारा गप्प बसलेला दिसेल. त्याच्याशी जरा हळू बोला. त्याचे नाव नथू, निलेशचा बाप.

आज जिथे पाणी आहे तिथेच माझा जन्म झाला. तिथे नथूच्या वडिलांचे भातखाचर होते आणि त्याच्या बांधावर मी उगवलो. मला कोणी लावले नव्हते. कुठल्याशा पाखराने टाकलेल्या बीतून मी आलो, म्हणून पाखरांचा माझ्यावर पहिल्यापासून हक्क. नथू लहानपणी माझ्या फांदीवर बसून जीभ जांभळी होईपर्यंत खायचा आणि आईची हाक आली की बहिऱ्याचे सोंग घ्यायचा. पुढे धरण झाले. शेत गेले, गाव वर सरकले. पाणी चढण्याआधी लोकांनी आपापली झाडे तोडून नेली. नथूच्या आईने, येसूबाईने, मला हात लावू दिला नाही. "राहू द्या त्याला. आपलं रान कुटं व्हतं, ते तरी कळंल," ती म्हणाली.

पाण्यात माझी पाने गळली आणि मी वठलो. पण जांभळाचे लाकूड पाण्याला सहज दाद देत नाही. मी उभा राहिलो. पावसाळा संपून धरण भरले की माझी एकच फांदी वर उरायची. येणारे जाणारे म्हणायचे, मेलेले झाड. मलाही तसेच वाटू लागले होते.

मग एका कार्तिकात तो आला. पांढऱ्या छातीचा, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला एक मोठा शिकारी पक्षी. हिमालयाच्याही पलीकडून आलेला. त्याने माझ्या फांदीवरून झेप घेतली, पाण्यात सूर मारला आणि मासा घेऊन पुन्हा माझ्यावरच येऊन बसला. पुस्तकात त्याला कैकर म्हणतात. शेत गेल्यावर नथू होडीतून मासे धरू लागला होता. त्याने बघितले आणि म्हणाला, "पाव्हणा आला." तेव्हापासून तेच नाव पडले.

दरवर्षी तो येऊ लागला. तोच की त्याचा मुलगा, मला सांगता येणार नाही. बसायची जागा मात्र तीच. नथूने एक रीतच घालून घेतली. दिवाळी आली की माझ्या आसपास जाळे टाकायचे नाही, तिथला मासा पाव्हण्याचा. तुळशीचे लग्न लागले तरी तो दिसला नाही, तर नथूला घास गोड लागत नसे. "लेकीची बी एवढी वाट बगत न्हाई तुमी," असे त्याची बायको नंदाबाई त्याला चिडवायची. तुंगार्लीहून अनघा मॅडम दुर्बीण घेऊन यायच्या. त्या शाळेत शिकवतात. पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर त्या कळवायच्या, 'कैकर आला. पवना, जांभळावर.' वठलेल्या झाडाचे नाव अजून कोणी घेते, याचे मला फार अप्रूप वाटायचे.

पुढे नथूच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि होडी सुटली. तो काठावर बसून माझ्या दिशेने बघत राही. त्याचा मुलगा निलेश कष्टाळू आहे, बापावर जीव टाकणारा. त्याला वाटले, आबांना आपल्या बांधाची, आपल्या झाडाची आठवण येते. उन्हाळ्यात पाणी उतरले आणि नथू लेकीकडे वडगावला गेला, तेव्हा निलेशने मला बुडातून कापून काठावर आणले. घासून पुसून, तेल लावून बसण्याजोगे केले. नंदाबाईने हळदकुंकू वाहिले. गावाने निलेशचे कौतुक केले. खरे सांगतो, मीही जरा फुशारलो.

नथू परत आला. त्याने माझ्यावर हात ठेवला, मग पाण्याकडे बघितले.

"आबा, आवडलं न्हाई का?" निलेशने विचारले.

"लय चांगलं केलंस," नथू म्हणाला. पण त्याचा हात माझी वरची फांदी चाचपत होता, ते मला एकट्याला कळले.

पावसाळा गेला, धरण भरले, दिवाळी झाली. एका सकाळी तुंगच्या डोंगराकडून पाव्हणा आला. नेहमीच्या जागी उतरायला त्याने पाय पुढे काढले आणि खाली फांदीच नव्हती. तो पाण्याला टेकता टेकता सावरला, वर गेला, फिरून आला. पुन्हा पाय पुढे काढले. नथू उठायला गेला, पण गुडघ्यांनी उठू दिले नाही. तो शेजारी माझ्यावर थाप मारू लागला. "हितं हाय रं बाबा. हितं बस."

मला तेव्हा फार वाईट वाटले. मी तिथेच होतो, पण त्याच्या कामाचा उरलो नव्हतो. मागे तंबू होते, माणसे होती, गाणी लावलेली होती. तो इकडे कशाला येईल? घिरट्या घालून तो निघून गेला.

निलेश चहा घेऊन मागे उभा होता. बाप इतकी वर्षे कोणाकडे बघत होता, ते त्याला तेव्हा उमगले. "मला बोलला का न्हाई, आबा?"

"एवढ्या मायेनं आणलंस. काय बोलू?"

निलेशने होडीतून जाऊन तिथे बांबू रोवला. पाणी खोल, बांबू कलंडला. अनघा मॅडमनी आसपासच्या सगळ्या धरणांवर विचारले. वळवणला नाही, तुंगार्लीला नाही, शिरोत्यालाही तो कोणाला दिसला नाही.

मित्रांनो, वठलेले झाड दिसले तर कुऱ्हाड लावण्याआधी एक कार्तिक थांबा. त्यावर कोण येते ते बघा. आणि आपल्या माणसाला मायेने काही आणून देणार असाल, तर तो कशाकडे बघत बसतो, ते त्याला आधी विचारा.

नथू अजूनही रोज सकाळी येतो आणि माझ्या एका टोकाला बसतो. दुसरे टोक तो रिकामे ठेवतो, तिथे कोणाला बसू देत नाही. तुम्ही आलात तर मधे बसा.