चित्रकोटच्या तीन सवाऱ्या

"आई, तू स्वतः कधी गेली का चित्रकोटचा धबधबा पाहाले?"

ऋतानं विचारलं आणि लगेच दाराकडे पाहिलं. बाहेर स्कुटीला टेकून तिच्या मैत्रिणी राधिका आणि शर्मिष्ठा तोंड दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच. 'आंटी इतना बढ़िया बताती हैं झरने का, खुद गई हैं कभी? पूछ के दिखा!' मागच्या वर्षीची ऋता असती तर 'चल, काही पण' म्हणून सटकली असती. पण यंदा अख्ख्या शाळेसमोर माईक धरून बोलल्यापासून आपल्याला कुणालाही काहीही विचारता येतं, असं तिला वाटू लागलं होतं.

आईनं फोन नुकताच ठेवला होता. पुण्याच्या एका बाईंना तिनं सगळं रंगवून सांगितलं होतं. पावसाळ्यात पाणी लाल मातकट, दिवाळीनंतर दुधासारखं. कठड्याशी उभं राहिलं की तुषारांनी भिजलेला चष्मा पुसून पुसून जीव जातो. आणि ऊन पडलं की खाली इंद्रधनुष्य! बाई फोनवरच 'अय्या!' म्हणाल्या होत्या आणि पुढच्या महिन्याचं गाडीचं बुकिंग पक्कं झालं होतं.

"मी कशी जाईन? इथं फोन कोण उचलेल?" आई फोनवरची नसलेली धूळ पदरानं पुसत म्हणाली.

"मंग तुले चष्म्याचं कसं माहीत?"

"सांगतात न लोकं."

ऋताला खरं ठाऊक होतं. सांगतात कसले, आई विचारते. समता कॉलोनीतल्या या दारात गाडी परत आली की आई पाण्याचे ग्लास घेऊन उभी असते. 'कसं वाटलं?' चष्मा एका म्हाताऱ्या मास्तरांचा होता. इंद्रधनुष्य कोलकात्याच्या एका नव्या नवरीचं. ऋता लहान होती तेव्हा हे नव्हतंच. बाबांच्या गाडीत सिलतऱ्याचे लोखंडाचे कारखाने बघायला आलेले साहेब बसायचे, ट्रेनची वेळ विचारायचे आणि सीटवर काळी भुकटी ठेवून उतरायचे. त्यांना 'कसं वाटलं' काय विचारणार? मग हळूहळू फोनवरचे प्रश्न बदलले. सिरपूरचं विटांचं देऊळ किती लांब? बस्तरला हॉटेल नको, गावात राहता येईल का? ती लाल मुंग्यांची चटणी मिळेल का? बाबांनी मोठी गाडी घेतली आणि आईनं फोन हातात घेतला.

तेवढ्यात बाबा आले. किल्ली खिळ्याला अडकवून हात धुवायला वळले.

"बरं झालं आले. हिले सांगा जरा," आई म्हणाली. "उडते न पाणी अंगावर? मी बरोबरच सांगून राहिली न?"

"उडत असंल."

"असंल म्हणजे? दर हप्त्याले तर जाता!"

"अवं, सवाऱ्यांचं सामान असते गाडीत. सोडून कुठं जाऊ? पार्किंगमधूनच..." बाबांनी नळ बंद केला. "आवाज ऐकतो न मी. लय मोठा आवाज आहे."

बाहेरचं हसू थांबलं. मग आईलाच असं हसू फुटलं, की तिला खुर्चीत बसावं लागलं. बाबाही हसले, ओले हात तसेच धरून.

फोन वाजला. आईच्या आधी ऋताचा हात पोचला.

"नमस्कार सर. येत्या शनिवारी? नाही सर, गाडी बुक आहे. पुढच्या हप्त्यात या न, पाणी आणखी पांढरं होईल तोवर."

"काहून वं पोट्टे, कोणाचं बुकिंग?" बाबांनी विचारलं.

ऋतानं फोन उलटा ठेवला.

"तीन सवाऱ्या. तुम्ही, आई अन् मी. फोन संगं, सामान लॉजवर, गाडीले कुलूप, अन् बाबा, पार्किंगमध्ये थांबायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते. परत आल्यावर पहिले मी उतरीन. दारात पाणी घेऊन मी उभी राहीन, अन् तुम्हा दोघांले विचारीन, कसं वाटलं?"