सहा हजार ओळींचं गाठोडं

“आत्या, नुसतं ‘मंजूर’ दाब ना. सगळं चालतंय.”

“चालतंय तर मला कशाला दाखवतोस? शोभेला?”

भाचा तिच्या खुर्चीला रेलून उभा होता. पडद्यावर त्याच्या प्रोग्रॅमच्या सहा हजार ओळी. बावीस वर्षं आत्या दुसऱ्यांचा कोड तपासत आली होती. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय दवाखान्यांच्या मशीनमध्ये एक ओळ जात नसे. हा प्रोग्रॅम तर मुलांच्या वजनावरून औषधाचा डोस ठरवायचा. आणि या पठ्ठ्याने काय केलं होतं? फायलींची नावं बदलली, ओळी नीट रांगेत लावल्या, आणि त्याच पसाऱ्यात कुठेतरी डोसचं गणितही बदललं. वर टीप म्हणून एकच शब्द: ‘सुधारणा’.

“अरे, कसली सुधारणा? घर झाडलंस की भिंत पाडलीस, मला कळावं कसं?”

“तुला सगळ्यातच खोट दिसते. संध्याकाळपर्यंत हे गेलं नाही तर मला कायम करणार नाहीत. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय.”

“मग महिनाभर काय अंडी उबवत होतास? रोज थोडं थोडं पाठवायला कुणी हात धरला होता?”

त्याचा चेहरा उतरला. याला इथे नोकरीला आत्यानेच चिकटवला होता. बोट एकदा बटणापर्यंत गेलंसुद्धा. मग तिने सगळं परत पाठवलं.

“नावं वेगळी पाठव. रांगा वेगळ्या. गणित वेगळं. प्रत्येकावर लिही, काय केलं आणि का. मग मी जेवण सोडून बघते.”

“आत्या आहेस की वैरीण?” पाय आपटत तो गेला.

चार वाजता पहिला तुकडा आला, मग दुसरा. तिने लगेच तपासून दिले. गणिताचा काही येईना. शेवटी तीच उठून त्याच्या टेबलाशी गेली.

तो पडद्याकडे बघत बसला होता. बाकीचा पसारा बाजूला काढल्यावर उरल्या होत्या अकरा ओळी. त्यातली एक, दहा किलोंखालच्या प्रत्येक मुलाचं वजन दहाच धरत होती. चार किलोंच्या बाळाला अडीचपट औषध.

“मीच लिहिलंय गं,” तो म्हणाला. “मला दिसलंच नाही.”

“त्या ढिगात मलाही दिसलं नसतं. सरक.”

दुरुस्त करून पुन्हा तपासेपर्यंत साहेब घरी गेले होते. पुढच्या आठवड्यात कायम झालेल्यांची यादी लागली. भाचा तीत नव्हता.

रविवारी वहिनीचा फोन आला.

“एक बटण दाबायचं होतं फक्त! सख्खा भाचा ना तुझा? कसलं उट्टं काढलंस?”

“त्याने काही सांगितलं नाही?”

“काय सांगणार? जेवतसुद्धा नाही धड.”

आत्याच्या जिभेवर ती दहा किलोंची ओळ आली होती. आजवर आत्याने कुणाचं म्हणून ऐकून घेतलं नव्हतं.

“बटण माझ्याच हातात होतं, वहिनी,” ती म्हणाली, आणि वहिनीचं बोलून संपेपर्यंत फोन कानाला लावून उभी राहिली.