आतल्या दोरीवरची चादर

वर्गातल्या मुली त्यांना काकू म्हणत, आणि त्यात मुलींची काही चूक नव्हती. बाकी सगळ्या विशीतल्या, आणि ही एकच बाई पदराआड चष्मा पुसत पहिल्या बाकावर येऊन बसायची. तिला दुसरं म्हणणार काय? रुग्णांची देखभाल शिकवणारा तो वर्ग होता. तिथून नीट पार पडलं की मोठ्या हॉस्पिटलात मदतनिसाची जागा मिळायची. काकूंची शाळा लग्नाआधी सुटली ती सुटलीच. मुलगा शिकून परगावी गेला, नवरा कायम फिरतीवर, आणि घरात सासू-सुना दोघीच उरल्या, तेव्हा काकूंनी मनाचा हिय्या करून नाव घातलं.

पहिल्या आठवड्यातच त्यांच्या नाकी नऊ आले. जन्मभर जिला नुसती मांडी म्हटलं तिच्यातल्या हाडाला म्हणे फीमर म्हणायचं, आणि गुडघ्याच्या वाटीला पटेला. नेफ्रो आलं की मूत्रपिंड समजायचं, हिपॅटो आलं की यकृत, आर्थ्रो आलं की सांधा. काकू आधी अर्थ विसरत, मग शब्द विसरत, आणि शेवटी सिस्टरनी विचारलं काय होतं तेही विसरत. वर्ग घेणाऱ्या सिस्टर कडक होत्या. त्या रागावत नसत, नुसतं "बसा" म्हणत, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

तोडगा सासूबाईंनी काढला. "चिठ्ठ्या कर आणि चिकटव माझ्या अंगावर," त्या म्हणाल्या. "नाहीतरी दिवसभर पडूनच तर असते मी."

मग रोज संध्याकाळी सासूबाई खाटेवर आडव्या व्हायच्या आणि काकू त्यांच्या खांद्यापासून घोट्यापर्यंत चिठ्ठ्या लावायच्या. एकदा नवरा अचानक घरी आला, त्याने दारातूनच हे पाहिलं आणि विचारलं, "आईला पार्सलने कुठे पाठवताय?" सासूबाई इतक्या हसल्या की बरगड्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. पुढे पुढे तर शब्द त्यांनाच आधी पाठ होऊ लागले. शेजारीण दारात आली की त्या नडगीवर हात ठेवून सांगत, "आज माझा टिबिया फार ठणकतोय." शेजारीण घाबरून बघत राहायची.

वर्गाच्या भिंतीवर माणसाच्या आयुष्याचा तक्ता होता. रांगणाऱ्या बाळापासून सुरुवात, मग शाळकरी पोर, तरुण, मध्यमवयीन, आणि शेवटी काठी टेकणारी म्हातारी. काकूंनी घरी तो तोंडी सांगितला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "ती शेवटची बाई हसते का गं?" काकूंनी तेवढं पाहिलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्या दोघींच्या अभ्यासात कधी आली नाही. सासूबाईंना रात्री अंथरुणात लघवी होत असे. त्या भल्या पहाटे उठून चादर नळाखाली पिळत आणि न्हाणीघरामागच्या आतल्या दोरीवर, इतर कपड्यांच्या आड टाकत. कुणी न विचारताच सांगत, "घाम फार येतो हल्ली." काकू रोज संध्याकाळी त्यांच्या पायथ्याशी धुतलेली चादर घडी करून ठेवत. गादीवर त्यांनी रबरी कापड घातलं तेव्हा ढेकणांचं निमित्त सांगितलं. घरात एकही ढेकूण नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ दोघींनी मिळून झाकलेली होती.

प्रात्यक्षिकाची परीक्षा जवळ आली. प्रत्येकीने घरातलं किंवा शेजारचं एक वयस्कर माणूस आणायचं आणि त्याच्या अंगावर दाखवून उत्तरं द्यायची, अशी त्या वर्गाची पद्धत होती. काकू लेखी परीक्षेत काठावर पास झाल्या होत्या. सिस्टरनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "यात चांगले गुण पडले तरच तुमचं नाव हॉस्पिटलकडे पाठवता येईल." काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई मात्र लग्नघरी निघाल्यासारख्या नटल्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या, केसांना तेल लावलं. "घाबरतेस काय?" त्या म्हणाल्या. "अडलीस तर मी डोळ्याने खुणावीन."

आणि खरंच, हाडांचा भाग झकास झाला. काकूंनी क्लॅव्हिकल म्हणायच्या आत सासूबाई खांदा पुढे करत होत्या. मुली हसल्या, सिस्टरही थोड्या हसल्या. मग त्या म्हणाल्या, "आता वार्धक्यातले बदल. पाठ केलेलं नको. समोरच्या व्यक्तीत तुम्हाला काय दिसतं, ते सांगा."

काकूंनी मोतीबिंदू सांगितला, कमी ऐकू येणं सांगितलं, सांध्यांची झीज सांगितली.

"आणि मूत्रसंस्था?"

काकूंनी काल रात्री पाठ केलेलं सगळं कापरासारखं उडून गेलं. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. सिस्टरचा चेहरा "बसा" म्हणण्याच्या बेताला आला, आणि तेवढ्यात काकूंच्या तोंडून वाक्यं पडू लागली.

"यांना लघवीवर ताबा राहत नाही. रात्री अंथरूण ओलं होतं. रोज चादर धुवावी लागते. याला इन्कॉन्टिनन्स म्हणतात."

एरवी कधी वेळेवर न आठवणारा तो शब्द नेमका त्या दिवशी आठवला.

"शाब्बास," सिस्टर म्हणाल्या. "याला म्हणतात निरीक्षण. लिहून घ्या गं सगळ्याजणी."

मुली लिहून घेऊ लागल्या. सासूबाई टेबलावर पडल्या होत्या. पुढचा प्रश्न पायावर येईल म्हणून त्यांनी आधीच गुडघा वर करून ठेवला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला आणि पायथ्याची चादर कमरेपर्यंत ओढली. काकूंना त्यांच्याकडे पाहवेना. पाहायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. शेवटच्या चित्रातली म्हातारी हसत नव्हती.

घरी जाताना सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पूर्ण गुण मिळाले ना?"

"हो."

"बरं झालं."

काकूंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण धरणीला दुसरी कामं असतात. रस्ता होता तसाच राहिला आणि दोघी त्यावरून घरी आल्या.

त्यानंतर चादर कोरडी राहू लागली. पायथ्याशी ठेवलेली घडी सकाळी तशीच असे. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, काकूंना आधी सुटल्यासारखं वाटलं. बरं वाटत असेल आता, असं त्यांनी स्वतःला समजावलं. चहा अर्धा राहतोय, तांब्या भरलेलाच आहे, हे सगळं दिसत होतं. निरीक्षणाला पूर्ण गुण मिळवलेल्या बाईने त्याकडे काणाडोळा केला. हॉस्पिटलचं बोलावणं आलं त्या दिवशी ती बातमी सांगायला त्या खाटेजवळ गेल्या, तर सासूबाईंचे ओठ सुकून भेगाळले होते आणि त्या परगावच्या नातवाला, तो घरातच असल्यासारख्या, हाका मारत होत्या.

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. मनगटाच्या वरची कातडी चिमटीत धरून सोडली, वर्गात शिकवलं होतं तसं. चिमटी सुटली तरी कातडीची घडी तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी आटल्याची ती खूण. याला काय म्हणतात ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. तो शब्द त्यांनी गिळला आणि पाणी आणलं.

"नको. तहान नाही मला."

"आई, चुकलं माझं."

"चुकलं कुठे? बरोबर होतं की उत्तर," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर काकूंना सोपं गेलं असतं.

काकूंनी पेला खाटेच्या कडेला ठेवला. मग खाली मान घालून म्हणाल्या, "आई, मलाही होतं. मुलगा झाला तेव्हापासून. शिंकले, हसले की कपडे खराब होतात. आजवर कुणाला सांगितलं नाही मी. ह्यांनाही नाही."

आपल्या परीने त्यांनी आपली मूठ उघडली होती. फिट्टंफाट व्हावी, निदान थोडी तरी.

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी मान वर केली.

"बाळंतपणानंतर पहाटे उठून कपडे बुचकळायचीस. तुला वाटायचं, घर झोपलंय. मग ते वाळत घालायचे कुठे म्हणून ओलेच पेटीत कोंबायचीस. न्हाणीघरामागे दोरी नव्हती तेव्हा. ती मी बांधून घेतली." त्या थांबल्या, ओठांवरून जीभ फिरवली. "तुझ्या नणंदा विचारायच्या, वहिनी हसता हसता उठून का जाते? मी म्हणायचे, तिचा स्वभावच घुमा."

काकूंना ते आठवलं. आपल्याला सगळे घुमी म्हणतात याचा राग त्यांनी इतकी वर्षं सासूबाईंवरच धरला होता. त्या रडल्या, पण रडण्याचाही आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत राहिलं.

"दे ते पाणी," सासूबाई म्हणाल्या. घोट घोट करत त्यांनी अर्धा पेला संपवला. "चादर मीच धुणार. तू उठायचं नाहीस."

"बरं."

काकूंनी मग डॉक्टरांना बोलावलं, दिवसभर मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. दोन-तीन दिवसांनी पहाटे न्हाणीघरातला नळ सुरू झाला. काकू जाग्याच होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि नळ बंद होऊन आतली दोरी करकरेपर्यंत तोंडावरचं पांघरूण काढलं नाही.