उलट्या खिशाचा फोटो

"ताई, दार उघड ना गं."

ही हाक चाळीस वर्षांपूर्वीची. मी ती ऐकलेली नाही, तरी डोळे मिटले की मला ती ऐकू येते. कारण आमच्या ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसून एका टेलरबाईंनी ती मला तीनदा म्हणून दाखवली. पहिली हाक हसरी, रोजच्यासारखी. दुसरी जरा घोगरी. तिसरी इतकी हळू, की दाराच्या लाकडालाच सांगितल्यासारखी.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी झोपले होते," टेलरबाई म्हणाल्या. "दुपारची वेळ. डोळा लागला होता."

कोपऱ्यात मामा खोकला. कुणी खोटं बोललं की येणारा मामाचा तो खोकला मी ओळखते. मी मान खाली घातली आणि वहीत तारीख लिहिली.

गोष्ट एवढीच होती. धाकटी बहीण एकोणीस वर्षांची. वडिलांशी भांडून सकाळी घराबाहेर पडली. 'तिला जो दार उघडेल त्यानंही तिच्याबरोबर चालू लागावं,' असं बजावून वडील कामावर गेले. दुपारी ती परत आली, तीन हाका मारल्या आणि गेली ती गेलीच. अठरा वर्षांनी पाकिटातून एक फोटो आला. त्यावर पत्ता नाही, अक्षर नाही. तेव्हा मामानं वर्षभर शोध घेतला होता आणि हात हलवत परत आला होता.

"आता परत का, मावशी?"

त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "हा गेला. डावाही वर्षअखेरपर्यंत जाईल म्हणतात. ती भेटली नाही तरी चालेल मला. पण तिचा आवाज एकदा कानात पडू दे. मग कान मिटले तर मिटले."

आमची शोधसंस्था म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली कानस घासली जाते आणि वर आम्ही डोकं घासतो. मामानं ही संस्था उभी केली, आता चालवते मी. मामा फक्त खोकायला आणि चहाला येतो. त्याची एक जाडजूड वही आहे. तिच्यावर त्यानं लिहिलंय, 'फुकटातली हत्यारं'. आत अशा ओळी: चेहरा नंतर, आधी हात बघ. ग्रंथपालाशी गोड बोल. माणूस पटवायचा तर कुठल्याही कागदावर नसलेली खूण विचार. आणि ठळक, दोनदा गिरवलेली ओळ: सापडलेल्या माणसाला आधी विचार, मग अशिलाला सांग. निरोप न्यायचा, उत्तर पढवायचं नाही.

त्याखाली हिरव्या शाईत माझी भर आहे. गल्लीगल्लीचे फोटो दाखवणारे नकाशे. एका चित्रावरून तसंच दुसरं हुडकून देणारा शोध. चित्र मोठं करणारं, फिरवणारं, उजळणारं साधन. सगळं विनामूल्य.

"फुकट ते फुकटच असणार," मामा म्हणतो. "उघडलं की आधी तीन जाहिराती."

"तुझ्या ग्रंथपालापेक्षा कमी बोलतं ना पण!"

त्या दिवशी फोटो स्कॅन करून मी पडद्यावर लावला. नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, मागे तीन कमानींचा लोखंडी पूल, पुलाच्या उजवीकडे एक उंच धुराडं. पायरीवर एक बाई, अंगात राखाडी जाकीट, हातात काहीतरी चपटं. मामाच्या जुन्या फायलीत लिहिलं होतं: 'हातात चमचा. खानावळ?' त्यापायी मामानं म्हणे एकोणीस गावांतल्या खानावळींत जेवण केलं होतं.

"वजन तेव्हाच वाढलं माझं," मामा म्हणाला.

चित्रावरून शोध लावला. काही नाही. पूल कापून लावला, धुराडं कापून लावलं. जगभरातले पूल आले, हा आला नाही. टेलरबाई शेजारी बसून होत्या. एकदम पुटपुटल्या, "बघा ना, खिसासुद्धा उसवला तिनं."

"कुठला खिसा?"

"जाकीट मीच शिवलेलं आहे. खिसा डावीकडे लावला होता, छातीशी. तिनं उसवून उजवीकडे लावलाय. राग, दुसरं काय. माझी खूणसुद्धा तिला जागेवर नको होती." बावीस वर्षं गिळलेला तो घोट त्यांच्या घशातून आत्ता वर आला होता. "तुमच्या मामांना तेव्हा सांगितलं नाही. लाज वाटली."

मी चित्र मोठं केलं. खिसा उजवीकडे होता खरा. पण त्याच्याखाली...

"मावशी, बटणं बघा."

त्या पडद्याला नाक लावून बघू लागल्या. "काजं डाव्या अंगाला? पुरुषी शर्टासारखी? छे! खिसा उसवता येतो, पण अख्खी बटणपट्टी कोण कशाला उलटवेल? कापड कापल्याशिवाय होतच नाही ते!"

क्षणभर खालची कानससुद्धा थांबली असं मला वाटलं.

"तिनं काहीच उसवलं नाही," मी ओरडले. "फोटोच उलटा छापलाय!"

मामा उठताना चहा सांडला. "स्टुडिओवाल्यानं फिल्म पालथी घातली! आणि मी वर्षभर उजवीकडे धुराडं असलेला पूल शोधत फिरलो!"

एक कळ दाबली. चित्र आरशासारखं फिरलं. खिसा छातीच्या डाव्या बाजूला येऊन बसला, जणू चाळीस वर्षांनी घरी आला. टेलरबाईंनी पडद्यावर त्या जागी बोट टेकवलं. "अजून घालत होती," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं. शिवण कुठं सुटली नाही माझी."

परत शोध लावला आणि पूल आला! पहिल्याच ओळीत आला. तीन कमानी, डावीकडे धुराडं, रेल्वेनं आठ तासांवरचं एक नदीकाठचं गाव. मी नकाशात उतरले आणि पडद्यावरच त्या गल्ल्यांतून चालू लागले, मामा मागून म्हणतोय, "डावीकडे वळ... अगं हळू, माणसं चिरडशील!" आणि वळणावर त्याच पायऱ्या.

"आता तो चमचा," मी म्हटलं. हात मोठा केला, उजळला. चमचा नव्हताच तो. पांढरी, गुळगुळीत, टोकाला निमुळती पट्टी.

मामानं कपाळावर हात मारला. "अरे देवा! आपली पुस्तकं-फायली बांधणाऱ्या बाइंडरकडे असते ही. कागदाची घडी दाबून बसवायची हाडाची पट्टी. दर महिन्याला बघतो मी ती, दर महिन्याला! आणि जेवत फिरलो खानावळीत!"

"चेहरा नंतर, आधी हात बघ," मी त्याचीच वही त्याच्यासमोर धरली.

"बघितला होता. भूक लागली होती तेव्हा."

त्या गावच्या वाचनालयाला फोन लावला आणि मामाच्या नियमाप्रमाणे गोड बोलले. पलीकडच्या ग्रंथपालांनी माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "जुनी पुस्तकं ना? आमची सगळी पायऱ्यांजवळच्या बाई बांधतात. हात काय आहे त्यांचा! नंबर देऊ दुकानाचा?"

टेलरबाईंना मी बाहेरच्या खोलीत बसवलं. नियम तो नियम.

फोन उचलला गेला. मी कोण ते सांगितलं आणि टेलरबाईंनी शिकवलेली, दोघींनी लहानपणी शिवणयंत्राच्या तालावर रचलेली ओळ म्हटली:

"सुईबाई सुईबाई, एवढी कसली घाई?"

पलीकडून एक घोगरा आवाज:

"दोरा येतो मागं मागं, सोडून जात नाही."

मी मामाकडे बघितलं. मामा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"बोलेन मी तिच्याशी," ती म्हणाली. "पण एकच विचारीन. त्या दुपारी ती झोपली होती का? आणि बाई, तिला आधी काही सांगू नका. मी पहिली हाक मारली तेव्हा आत शिवणयंत्र चालू होतं. हाकेसरशी थांबलं. चाळीस वर्षं ती शांतता ऐकतेय मी. ती खोटं बोलली तर फोन ठेवीन. परत उचलणार नाही."

बाहेरच्या खोलीपर्यंत बारा पावलं आहेत. प्रत्येक पावलाला माझ्या जिभेवर तेच शब्द येत होते: खरं सांगा, तिला माहीत आहे. मामानं काय ते ओळखून वाटेतच माझं मनगट धरलं. "उत्तर पढवायचं नाही," तो हळूच म्हणाला. "पढवलेलं दार उघडलं तरी आत कुणी नसतं."

टेलरबाई माझा चेहरा बघूनच उभ्या राहिल्या. "सापडली?"

"फोनवर आहे. तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. बाकी मी काही सांगू शकत नाही, मावशी."

त्यांनी पदरानं डावा कान पुसला, जसा आरसा पुसावा. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"ताई?"

तोच आवाज. वयानं जाडावलेला, पण तोच. टेलरबाईंचा चेहरा असा उजळला, की वाटलं झालं, यांना हवं ते मिळालं. आता प्रश्न विचारलाच जाऊ नये.

"ताई, त्या दुपारी तू झोपली होतीस का?"

"मी..." त्या म्हणाल्या. जुनं वाक्य ओठांवर आलेलं मला दिसलं. चाळीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं, त्या घडीच्या पट्टीसारखं. मामा खोकला नाही. खाली एक किल्ली कुलपात फिरवून बघत होता कुणीतरी.

"बाबांची भीती वाटली गं," टेलरबाई म्हणाल्या. "यंत्र थांबवून आले होते मी. कडीवर हात होता माझा. तिन्ही हाका ऐकल्या. मी जागी होते."