नदी दिसावी की नाव पळावी

मी बोलतोय खरा, पण मला मोठ्याने बोलायची सवय नाही. माझा आवाज म्हणजे माझ्या पाठीतला छोटा पंखा. तो जोरात फिरू लागला की लोकांना वाटतं, याला काहीतरी सांगायचंय. खरं तर मी फक्त तापलेला असतो.

मी हातात धरून खेळायचं एक यंत्र आहे. माझ्यात खेळ आहे तो नदीतल्या नावांच्या शर्यतीचा. मध्ये काचेचा पडदा आणि दोन्ही बाजूंना अंगठ्यांसाठी कळा. आकाराने मी जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढा असेन.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे माझ्यावरून चार माणसं भांडत होती. भांडत म्हणजे एकमेकांना वाकून नमस्कार करत होती, पण मागे कोणी हटत नव्हतं. एकाला माझं चित्र देखणं हवं होतं. दुसरीला वेग हवा होता. तिसरा म्हणे, बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे. चौथ्याचा हट्ट, की मी हलका आणि गार राहिलो पाहिजे. आणि माझ्या अंगात शक्ती होती ती वाटीभर. ती कोणाकोणाला वाढायची?

शेवटी त्यांनी मला दोन रूपं दिली. एक देखणं आणि एक चपळ. देखण्या रूपात पाण्यावर ऊन चमकतं, प्रत्येक पान वेगळं हलतं, डोंगराची सावली नदीत उतरते. पण मग मला सेकंदाला तीसच चित्रं काढता येतात. अंगठा दाबला की नाव जरासा विचार करून वळते. चपळ रूपात मी सेकंदाला साठ चित्रं काढतो आणि नाव अंगठ्याबरोबर वळते. फक्त पाणी फरशीसारखं दिसतं आणि झाडं म्हणजे हिरवे ठोकळे. एका रूपातून दुसऱ्यात जायला माझ्या माथ्यावर एक कळ आहे. ती इतकी हलकी आहे, की कोणी धूळ पुसायच्या निमित्तानेही दाबू शकतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्या कळीने घातला.

मला विकत घेतलं ते एखाद्या माणसाने नाही, एका आख्ख्या आळीने.

गाव नदीकाठचं. नदीच्या अलीकडे एक आळी, पलीकडे दुसरी, मध्ये अरुंद पूल. शरदातल्या उत्सवात दोन्ही आळ्यांच्या देवाच्या पालख्या पुलाशी येतात, आणि पुलावरून आधी कोणाची जायची हे पूर्वी दोर ओढून ठरायचं. पण आता दोन्हीकडे म्हातारी माणसंच उरली आहेत. पालख्यांनासुद्धा खालून चाकं बसवली आहेत. माणसं दांड्याला खांदा लावल्यासारखं करतात आणि पालखी आपली आपण घरंगळते. शेवटची दोरखेच झाली, तेव्हा दोन्ही बाजू एकदमच खाली बसल्या आणि कोणालाच उठता येईना. हाडवैद्य कुनिमित्सुसान अलीकडच्या आळीचे, पण त्या दिवशी त्यांनी दोन्ही आळ्यांच्या कमरा चोळल्या आणि मग बजावलं, "पुढच्या वर्षी दोर दिसला, तर मी तो जाळून टाकीन."

म्हणून ठरलं, की नावांची शर्यत लावायची. खरी नाही, यंत्रावरची. प्रत्येक आळीने एकेक यंत्र घेतलं. अलीकडच्या आळीने मला घेतलं.

आळीचे अध्यक्ष इवाओ त्सुकुदा. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरांवर कौलं घातली. अजूनही ते कोणाशी बोलताना आधी त्याच्या डोक्यावरच्या छपराकडे बघतात. उत्सव संपला की ते दूर उत्तरेतल्या साप्पोरो शहरात मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. घरातली भांडी कागदात गुंडाळून झाली होती. जाण्याआधी एकदा, एकदाच, आपल्या पालखीपुढे उभं राहून त्यांना पुलावर पहिली आरोळी द्यायची होती. कित्येक वर्षं पलीकडचेच आधी जात होते. ही इच्छा त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. त्यामुळे ती सगळ्यांना माहीत होती.

मला चालवायचं काम सुमिए हातानाका यांच्याकडे आलं. त्यांचं तोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं, दुकान. पाण्यातून मऊ तोफू न मोडता उचलून उचलून त्यांचे अंगठे असे तयार झाले होते, की मला ते कळण्याआधीच कळ दाबलेली असायची. चपळ रूपात त्यांनी नाव हाणली, की मलाच घाबरायला व्हायचं.

आळीची बैठक भरली. तिथला नियम असा, की जे ठरेल ते सर्वांच्या मताने ठरेल. म्हणजे अध्यक्ष बोलतील आणि बाकीचे मान हलवतील.

"देवळात मोठ्या पडद्यावर सगळं दिसणार आहे," इवाओसान म्हणाले. "पलीकडचे लोक बघणार. नदी नदीसारखी दिसली पाहिजे. फरशीवर नाव चालवलेली मला आवडायची नाही. देखणं रूपच ठेवा."

"खरंय, खरंय," सगळे म्हणाले.

"नदी दिसेलच हो छान," सुमिएबाई हळूच म्हणाल्या. "नाव मात्र काठावर चढेल."

"काय म्हणालात?"

"चहा छान झालाय म्हटलं."

मी टेबलावर पडून ऐकत होतो. ज्या माणसाला जिंकायचं होतं, तोच हरायची तयारी करत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण पंखा बंद होता.

शर्यतीच्या दिवशी देवळाच्या दालनात मला एका चौरंगावर ठेवलं आणि वर स्वच्छ रुमाल घातला. सगळे चहाला गेले. इथून पुढे जे झालं, ते फक्त मला माहीत आहे.

पहिले इवाओसान आले. इकडेतिकडे पाहिलं, रुमाल उचलला आणि मला चपळ केलं. "माझ्या हट्टापायी बिचारीची धडपड नको," असं ते पुटपुटले आणि गेले.

मग सुमिएबाई आल्या. मी चपळ आहे हे बघून त्यांना वाटलं, हा कुनिमित्सुसानचा चोरटा कारभार. "शेवटचं वर्ष आहे इवाओसानचं. हरलो तर हरलो, नदी तरी बघू देत," असं म्हणून त्यांनी मला देखणं केलं.

मग कुनिमित्सुसान आले. "अरेरे, सुमिएसान कशी चालवणार?" म्हणत त्यांनी मला चपळ केलं. मग इवाओसान खात्री करायला परत आले आणि चष्मा चहाच्या वाफेने धुरकटलेला असल्यामुळे त्यांनी कळ दोनदा दाबली. मग सुमिएबाईही खात्री करायला आल्या. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी स्वतःचं मन मारत होता आणि मी रुमालाखाली कपडे बदलत होतो. शेवटची कळ सुमिएबाईंची पडली. मी देखणा राहिलो.

शर्यत सुरू झाली. पडद्यावर नदी अशी उजळली, की दालनात "ओऽऽ" झालं. इवाओसान मात्र ताडकन सरळ झाले आणि सुमिएबाईंच्या कानाशी लागले.

"हे कोणी केलं?"

"मी. तुमच्यासाठी."

"मी मुद्दाम बदललं होतं, तुमच्यासाठी!"

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही मला सांगितलंत?"

"हात हलवू नका माझा, नाव खडकावर जाईल!" आणि नाव खडकावर गेलीच. जराशा विचाराने, पण गेली.

खरं तर आम्ही तिथेच हरायला हवं होतं. पण पलीकडच्या आळीचं यंत्रही देखण्याच रूपात होतं. त्यांचे अध्यक्ष बान्दोसान स्वतः नाव चालवत होते, आणि त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की इवाओसानचं हे शेवटचं वर्ष. उघड हरलं तर समोरच्याचा अपमान. म्हणून ते गुपचूप हळू झाले होते. दोन सुंदर नावा सुंदर नदीतून रांगत होत्या. बान्दोसान चुकून पुढे गेले की मान लववायचे. "माफ करा हं, लाटेने ढकललं."

"छे छे, तुम्ही व्हा की पुढे," सुमिएबाई दात आवळून म्हणायच्या.

या सगळ्यात मी तापत होतो. तीस चित्रं म्हणजे काम कमी, असं समजू नका. एकेका चित्रात हजारो पानं असतात आणि प्रत्येक पानाला वारा लावावा लागतो. माझा पंखा किंचाळू लागला. ते ऐकून कुनिमित्सुसान हेलावले. त्यांनी पिशवी उघडली, दुखऱ्या पाठीला लावायची थंड, चिकट, कापराच्या वासाची पट्टी काढली आणि मोठ्या मायेने माझ्या पाठीवर चिकटवली. मी आणखी किंचाळलो. त्यांनी दुसरी चिकटवली.

आता माझी हवा आत-बाहेर जाते ती पाठीवरच्या भोकांतून. ती सगळी बुजली. चाळीस वर्षांच्या अनुभवी हाताने बुजवली. बाहेरून गार वाटत होतं आणि आतून मी शिजत होतो.

अशा वेळी माझ्या हातात एकच उपाय असतो. ओझं टाकायचं. मी आधी काठावरची माणसं पुसली. मग पानं गाळली. पाण्यावरचं ऊन गेलं. नाव जराशी हलकी झाली, जराशी पुढे सरकली. सगळे इवाओसानकडे बघू लागले, कारण त्यांची नदी त्यांच्या डोळ्यांदेखत फरशी होत होती.

इवाओसान उभे राहिले.

"टाक!" ते मला म्हणाले. मोठ्या पडद्याला नाही, सुमिएबाईंना नाही, मला. "तो डोंगर कशाला धरून बसलायस? टाक!"

मी डोंगर टाकला.

"आभाळ टाक!"

आभाळ टाकलं. आता करड्या कागदावर एक नाव उरली होती आणि सुमिएबाईंचे अंगठे. काय पळाली म्हणून सांगू! बान्दोसानची नाव मागे पडली. शर्यत जिथे संपते ती पुलाखालची रेषा दिसू लागली. आणि मला अंधारी आली. मी बंद पडलो.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. बान्दोसानची नाव रेषेशी पोहोचली आणि तिथेच थांबली. "समोरची नाव नदीत नसताना मी रेषा कशी ओलांडू? बरं दिसत नाही," ते म्हणाले. पुजारीबुवांना निकाल विचारला, तर ते म्हणाले, दोन्ही नावा फार सुरेख होत्या.

मला शुद्ध आली ती पुलाच्या तोंडाशी, सुमिएबाईंच्या झग्याच्या पट्ट्यात खोचलेल्या अवस्थेत. दोन्ही पालख्या समोरासमोर होत्या.

"आधी तुम्ही," बान्दोसान वाकून म्हणाले.

"छे, छे. नाव तुमचीच पोहोचली होती. आधी तुम्ही," इवाओसान त्याहून खाली वाकले.

"ते शक्य नाही. तुम्हीच."

"लाजवू नका. तुम्हीच."

इतकी वर्षं या पुलावर लोकांनी आधी जाण्यासाठी कमरा मोडून घेतल्या होत्या. आता कोणीच जाईना. माणसं पालखीच्या दांड्याला टेकू लागली. उतारावर पालख्यांची चाकं सुटू नयेत म्हणून कुनिमित्सुसान त्यांच्याखाली दगड लावत फिरत होते. ऊन कलू लागलं. इवाओसान नवव्यांदा की दहाव्यांदा वाकले आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं, कंबर धरली.

"इवाओसान?" सुमिएबाई घाबरल्या.

खालून, जमिनीकडे बघतच ते म्हणाले, "मला आधी जायचंय."

असं वाक्य त्या पुलावर कोणी कधी उच्चारलं नव्हतं. भांडणातसुद्धा नाही. इवाओसान हळूहळू सरळ झाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मला आधी जायचंय. मला फार मनापासून आधी जायचंय. मी चाललो."

बान्दोसानचा जीव भांड्यात पडला. "अहो, मग सांगायचं ना कधीच! आमचे पाय गेले इथे!"

आणि इवाओसाननी पालखी हाकायची आरोळी ठोकली. "वाश्शोई!" नदीच्या दोन्ही काठांवरून उत्तर आलं. पालखी दगडांवरून उतरली आणि चाकांवर अशी सुटली, की तिच्यापुढे राहायला त्यांना पळावं लागलं. पुलाच्या त्या टोकापर्यंत ते पळत गेले आणि परत परत ओरडले. आवाज फाटला तरी ओरडले.

आता मी साप्पोरोत असतो. आळीने निरोपाची भेट म्हणून मला इवाओसानना दिलं. इथे इतकी थंडी आहे, की माझा पंखा क्वचितच बोलतो. ते मला देखण्या रूपात ठेवतात आणि शर्यत लावत नाहीत. नाव नदीच्या मध्यावर उभी करून बसतात. मुलगा म्हणतो, "बाबा, खेळा तरी!" ते म्हणतात, "खेळतोय की."

कधी कधी दूरवरून सुमिएबाई त्याच नदीत येतात. बान्दोसानचं यंत्र त्या हक्काने उचलून आणतात आणि चपळ रूपात नाव हाणतात. शेजारी फोनवर दोघांचं बोलणं चालू असतं.

"सुमिएसान, आज पाणी तांबूस झालंय. डोंगराची सावली अर्ध्यावर आलीय."

"माझ्याकडे करडी फरशी आहे नुसती. सावली कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"बरं. आणखी काय दिसतंय?"

तुम्हा माणसांना माझी एवढीच विनंती आहे. माझ्याकडे दोन्ही एकदम मागू नका. एक मागा, आणि काय हवंय ते तोंडाने सांगा. मनातलं ओळखायची सोय माझ्यात बसवलेली नाही. आणि कृपा करून पाठीवर काही चिकटवू नका.

आता पुरे करतो. वळणावर सुमिएबाईंची नाव दिसतेय, भरधाव, आणि त्यांच्या वाटेत आम्हीच उभे आहोत.