वगळलेला नमुना

अकरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र एका रुग्णाच्या मुलीचं होतं. वडिलांचं निकामी होत चाललेलं हृदय बदललं, तेव्हा जुन्याचा एक तुकडा आमच्या प्रयोगशाळेने मागून घेतला होता. संमतीपत्रावर सही घ्यायला मीच गेलो होतो. "बाबा सगळ्यांना सांगायचे, माझं जुनं हृदय नोकरीला लागलंय," तिने लिहिलं होतं. "ते मागच्या महिन्यात गेले. त्या तुकड्यातून काय कळलं, सांगाल का?"

थकलेल्या हृदयाच्या स्नायूत कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती गप्प, हे आम्ही मोजत होतो. गर्भात काम करून झोपी गेलेली काही जनुकं अशा हृदयात पुन्हा जागी होतात. ते टिपायचं तर तुकडा सतत गोठलेला हवा. वितळला की जनुकांनी धाडलेले निरोप पेशीतच विरून जातात.

तो तुकडा माझ्या हातून वितळला. तो ठेवलेल्या नळीवरचा क्रमांक माझ्याच अक्षरात होता, तरी मला खात्री वाटेना. नळी टेबलावर ठेवून मी वही पाहिली, मग दुसरी वही. क्रमांक बरोबरच होता. पुढे मोजमापं निरर्थक आली आणि आम्ही तो नमुना वगळला.

परवा कपाट आवरताना बायकोला ते पत्र सापडलं. मी उत्तर लिहायला बसलो. चौथा कागद फाडल्यावर ती म्हणाली, "अहो, पत्र लिहिताय की प्रबंध? वाचा बघू."

मी वाचलं, "तांत्रिक कारणामुळे नमुना वापरता आला नाही."

"तांत्रिक कारण म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"मग तसं लिहा की."

"तिला वाईट वाटेल. खूप उपयोग झाला असं लिहिलं, तर कुणाचं बिघडतंय?"

"तुमचं," ती म्हणाली आणि कोरा कागद पुढे सरकवला.

मी लिहिलं. 'माझा स्वभावच शंकेखोर' असं एक वाक्य लिहून खोडलं. ते माझ्याच बचावाचं होतं. बाकीच्या तीस हृदयांतून काय कळलं तेही लिहिलं, पण त्यात तुमच्या वडिलांचं नव्हतं, हे आधी.

ती मुलगी अजून त्याच पत्त्यावर राहते की नाही, कोण जाणे. पोस्टाच्या खिडकीवर कारकुनाने पाकीट उलटसुलट पाहिलं.

"पोचपावती हवी का, आजोबा?"

"नको," मी म्हणालो. त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.