काशीनाथला उत्तर

काशीनाथचं पत्र आलं तेव्हा सहादेव जाधव पाणी भरत होता. भाईंदर पूर्वेला तेव्हा, म्हणजे एकोणनव्वद साली, नळाला पाणी आलं की माणूस बाकीचं सगळं सोडून पिंपाशी उभा राहायचा. त्याने ओल्या हाताने पाकीट घेतलं, शर्टाच्या खिशात कोंबलं आणि बादल्या झाल्यावर उघडून वाचलं. दोनदा वाचलं. मग वडिलांच्या फोटोमागे सारून ठेवलं आणि त्याला उत्तर दिलं नाही.

पत्र फोटोमागे गेल्यापासून त्याची पंचाईत झाली. फोटोकडे नजर गेली की पत्र आठवायचं, म्हणून तो फोटोकडे बघेनासा झाला. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. सुटीवर आलं की सकाळी त्या फोटोला हात जोडल्याशिवाय त्याचा चहा होत नसे. आता तो चहा घेऊन थेट गॅलरीत जाऊ लागला आणि समोरच्या मिठागराकडे बघत बसू लागला.

सहादेव बहरीनला एसीचा मेकॅनिक होता. बहरीन म्हणजे समुद्रातलं एवढंसं बेट. पलीकडच्या किनाऱ्यावर सौदी. मधल्या समुद्रावर नुकताच मोठा पूल झाला होता आणि पुलापलीकडच्या हॉटेलांची मशिनं सांभाळायचं काम त्याच्या कंपनीला मिळालं होतं. पण दर फेरीला नवा व्हिसा काढायचा म्हणजे मशीन बंद पडे तेव्हा मेकॅनिक इकडे आणि व्हिसा साहेबाच्या टेबलावर. म्हणून कंपनीने ठरवलं, निवडक माणसांचा मल्टिपल व्हिसा काढायचा. एकदा शिक्का बसला की वर्षभर कितीही वेळा जा, कितीही वेळा या. ज्याला मल्टिपल तो फोरमन, आणि फोरमनला कुटुंब आणायला स्वतंत्र खोली.

ती खोली सहादेवच्या डोक्यात कधीपासून घर करून होती. लग्न झाल्यावर काही महिन्यांतच तो विमानात बसला होता. त्यानंतर वैजयंता आणि तो एकत्र राहिले ते सुटीपुरतेच. मुलगी तेजश्री शाळेत जायला लागली तरी त्याला ‘बहरीनचे पप्पा’ म्हणायची, जणू इथले कोणी दुसरे होते.

काशीनाथ कंपनीच्या ऑफिसात होता. महाडकडचा, सहादेवच्याच गावचा, फक्त वरच्या वाडीतला. परक्या मुलखात दोघांची खोली एक, स्टोव्ह एक. त्याने पत्रासोबत छापील अर्ज पाठवला होता आणि लिहिलं होतं:

‘यादीत तुझं नाव मी वर घातलंय. अर्ज टाइप करून महिनाअखेर माझ्या हातात पडेल असा पाठव. धर्माच्या जागी हिंदू लिही. पहिल्या वेळी तुझा अर्ज मीच भरला होता, तेव्हा तेच लिहिलंय. तुला विचारलं नव्हतं, आपला माणूस म्हणून लिहून टाकलं. आता जुने आणि नवे कागद जुळले पाहिजेत, नाही तर अर्ज परत येईल आणि खोली दुसऱ्याला जाईल. गावी तुझ्या वाडीतलं पाणी आम्हाला चालत नव्हतं, माझ्या घरी तुला मिळत नव्हतं. इथे आपण एका ताटात जेवतो. मग एका शब्दाचं काय एवढं? वहिनींना सांग, तयारीला लागा.’

पत्रात एखादा वाकडा शब्द असता तर सहादेवने त्याच दिवशी चार ओळी खरडल्या असत्या. पण ते सगळं मायेने लिहिलेलं होतं. मायेला नाही कसं म्हणायचं, हे त्याला जमत नव्हतं. मुळात तो बोलण्यातला माणूस नव्हता. रिक्षावाल्याने जास्त पैसे सांगितले तर देऊन मोकळा व्हायचा आणि भांडण मनातल्या मनात घरापर्यंत करत यायचा.

त्याचे वडील तसे नव्हते. धर्माजी रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचे कामगार होते. छप्पन सालच्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांची चिता समोर जळत असताना, त्यांनी लाखो माणसांबरोबर दीक्षा घेतली. दुसऱ्या आठवड्यात कारखान्याच्या ऑफिसात जाऊन नोकरीच्या कागदावर धर्म बदलून घेतला. हेडक्लार्कने समजावलं होतं, की केंद्राच्या नोकरीत बौद्धाला सवलत नाही, बढतीला मुकशील. धर्माजी म्हणाले, मुकतो. आणि मुकले. बरोबरीचे मिस्त्री झाले, चार्जमन झाले, धर्माजी खलाशी म्हणूनच रिटायर झाले. लहानपणी सहादेवला बापाचा राग यायचा. एका शब्दापायी आपल्याला नवे बूट मिळाले नाहीत असं त्याला वाटायचं.

एक्याऐंशीच्या जनगणनेला तर म्हाताऱ्याने कमाल केली. दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून दारात खुर्ची टाकून बसले. त्या दिवशी वस्तीतली बरीच म्हातारी माणसं तशीच दारात बसली होती. गणतीला आलेले शाळामास्तर थकलेले, भराभर लिहून उठायला लागले. धर्माजींनी त्यांना परत बसवलं. म्हणाले, ‘गुरुजी, काय लिहिलंत ते वाचून दाखवा.’ मास्तरांनी बौद्ध वाचलं. मग धर्माजींनी वहीत डोकावून बघितलं. पेन्सिलीने लिहिलं होतं. त्यांनी सहादेवच्या खिशातलं पेन काढून मास्तरांपुढे धरलं.

एवढं असूनही सहादेव एका सकाळी अर्ज घेऊन स्टेशनबाहेरच्या टायपिस्टकडे गेला. काय लिहायचं ते न ठरवताच गेला. टायपिस्ट गुजराती, बोटांपेक्षा जीभ जास्त चालवणारा. नाव झालं, बापाचं नाव झालं, जन्मगाव झालं. धर्मापाशी गाडी थांबली. कंपनीने तिथे चारच चौकोन छापले होते: मुस्लिम, ख्रिश्चन, हिंदू आणि अदर.

‘बौद्ध,’ सहादेवच्या तोंडून गेलं.

‘बुद्धिस्ट? जपान के हो क्या?’ टायपिस्ट हसला. रांगेतले दोघे-तिघेही हसले. ‘अदर पे मारूं? झंझट खतम.’

‘अदर म्हणजे?’

‘अदर मतलब बाकीचे. उरलेले.’

सहादेवने अर्धवट अर्ज मशीनमधून काढून घेतला, पूर्ण पैसे दिले आणि निघाला. फाटक ओलांडून नवघर रोडला लागल्यावर त्याला उत्तर सुचलं: माझा बाप उरलेला नव्हता. पण तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

रविवारी वैजयंताचा भाऊ गुणवंत आला. तो बँकेत होता आणि सगळ्यांना सल्ले द्यायचा. अर्धवट टाइप झालेला अर्ज टेबलावर दिसला आणि त्याने काय ते ओळखलं. ‘भावोजी, घरात रोज वंदना घ्या, जयंतीला नाचा, कोण अडवतंय? तिकडे वाळवंटात कोण तुम्हाला जयभीम घालायला बसलाय?’ असं म्हणून तो स्वतःच हसला. मग हळू आवाजात म्हणाला, की ताईचाही विचार करा, ती अशी किती वर्षं काढणार.  गुणवंत गेल्यावर त्याने अर्ज उचलला आणि तोही फोटोमागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी वैजयंता म्हणाली, तेजूला किल्ला दाखवायचाय, घोडबंदरला जाऊ या. बसने गेले. किल्ल्याच्या पडक्या भिंतीशी सावली होती, खाली खाडी, आणि पलीकडे वरसाव्याच्या पुलावरून ट्रकमागून ट्रक चाललेले. तेजश्री खडे गोळा करण्यात गुंग झाली.

‘तुमच्या तिकडचा पूल याच्याहून मोठा?’ वैजयंताने विचारलं.

‘एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं दिसत नाही.’

‘आणि त्याच्यावरून जायला धर्म सांगावा लागतो.’

सहादेवने मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती पुलाकडेच बघत होती.

‘कधी वाचलंस?’

‘आलं त्याच दिवशी. आबांचा फोटो रोज मीच पुसते ना.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही बोलताय का बघत होते.’

सहादेवने बराच वेळ चप्पलेने माती उकरली. मग एकदाचं बोलून टाकलं, की तू म्हणशील तर लिहितो हिंदू, आयुष्य तुझंही आहे, मी एकट्याने कसं ठरवू.

वैजयंताला एवढं चिडलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, उलट खाली आला.

‘माझ्यावर ढकलू नका. मला जायचंय. खूप जायचंय. तिकडे लागतात म्हणून लांब बाह्यांचे गाऊन शिवून ठेवलेत मी. शेजारच्या सुलूला सांगून बसलेय, दिवाळीनंतर आम्ही निघालो म्हणून. तुम्ही हिंदू लिहिलंत तर मी येईन, भांडणार नाही. फक्त तिकडे आबांचा फोटो लावायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. आणि नाही लिहायचं, तर नाही म्हणा. पण हे काय चाललंय? पत्र फोटोमागे, अर्ज फोटोमागे. महिना संपेल, खोली दुसऱ्याला जाईल आणि तुम्ही म्हणाल, नशीब. नशीब नाही ते. गप्प बसून नाही म्हणताय तुम्ही. आबा असे गप्प बसले होते का?’

तेजश्री मुठीतले खडे दाखवायला आली म्हणून ती थांबली. मुलीने खडे बापाच्या तळहातावर ठेवले आणि विचारलं, ‘पप्पा, त्या पुलावरून आपण जाऊ शकतो?’

‘या पुलावरून कधीपण,’ सहादेव म्हणाला.

 घरी आल्यावर त्याने पाय धुतले, फोटो भिंतीवरून उतरवला, मागचे कागद काढले, फोटो परत टांगला आणि त्याच्या समोर उभा राहिला. हात जोडले. मग वैजयंताला म्हणाला, चहा ठेव, आलोच.

टायपिस्टने त्याला ओळखलं. ‘आओ जपान.’

‘इथं टाइप करा,’ सहादेव म्हणाला. ‘बुद्धिस्ट. चौकोनात नाही. चारी चौकोनांच्या बाजूला.’

‘भाई, उधर जगह नहीं है.’

‘मग जागा करा.’

आवाज मोठा नव्हता, पण रांगेतला कोणी हसला नाही. टायपिस्टने त्याच्याकडे एकदा बघितलं, रुळाची मूठ फिरवून कागद अर्धी ओळ वर घेतला आणि एकेक अक्षर ठोकत गेला. रिजेक्ट झालं तर माझ्याकडे यायचं नाही, हे त्याने दोनदा बजावलं. सहादेव म्हणाला, नाही येणार.

‘आता वाचून दाखवा.’

‘क्या?’

‘काय लिहिलंत ते. वाचून दाखवा.’

टायपिस्टने डोळे बारीक करून, एक अक्षर न गाळता वाचलं. सहादेवने पैसे दिले. तेवढेच दिले, आणि सुट्टे परत येईपर्यंत थांबला.

पत्र लिहायला मात्र रात्र झाली. तीन कागद फाडले, चौथ्यावर जमलं.

‘काशीनाथ, तू मायेने लिहिलंस, तुझ्यावर राग नाही. एका ताटात जेवलो ते विसरणार नाही. पण पहिल्या वेळी तू मला विचारायला हवं होतंस. मी बौद्ध आहे. नव्या अर्जावर तसं टाइप केलंय. जुन्या कागदांवरही दुरुस्त करून घे. तुला जमत नसेल तर आल्यावर मी स्वतः मॅनेजरला सांगेन, मग ठेवोत नाहीतर काढोत. खोली दुसऱ्याला गेली तर जाऊ दे. वैजयंताला सगळं माहीत आहे. आपलं ताट तेच ठेव, मी येतोय. जयभीम. सहादेव.’

‘जयभीम’ त्याने काशीनाथला आजवर कधी लिहिलं नव्हतं. तो शब्द लिहून झाल्यावर त्याने पेनाचं टोपण लावलं.

सकाळी तो उठला तेव्हा वैजयंता शिवणयंत्राशी बसली होती. लांब बाह्यांचे गाऊन मांडीवर होते आणि कात्रीने ती बाह्या कोपरापासून कापत होती. भाईंदरच्या उकाड्यात असल्या बाह्या कोण घालणार, एवढंच म्हणाली. सहादेव दारात उभा राहून बघत राहिला. ती मान खाली घालून कापत होती. कापलेल्या तुकड्यांतला एक घेऊन तिने आबांचा फोटो पुसला, तो खिळ्याला सरळ केला आणि बाकीचे तुकडे घडी करून फळीवर ठेवले.

मग त्यातलाच एक गाऊन घालून, वर ओढणी घेऊन ती त्याच्याबरोबर पोस्टापर्यंत आली. वाटेत सुलू भेटली. तिकीट कधीचं, तिने विचारलं. ‘नाही जात आम्ही,’ वैजयंता म्हणाली आणि चालणं न थांबवता पुढे गेली.

पोस्टाबाहेरची लाल पेटी जुनी होती. तोंड अरुंद, आणि कधी कधी पाकिटं वरच अडकायची. सहादेवने पाकीट आत टाकलं आणि मागे सरकला. वैजयंता पुढे झाली. आखूड बाहीतला हात तिने पेटीच्या तोंडातून जाईल तितका आत घातला आणि चाचपून बघितलं.

‘पडलं,’ ती म्हणाली.